बिननावाचं पत्र टाल्के नेत नाही

टाल्के हायकेन आमच्या गावची पोस्टवाली. छत्तीस वर्षं तिनं सायकलवरून पत्रं वाटली, आणि निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गाव तिला पोस्टवालीच म्हणतं. मागं एकदा तिच्या घराचं छप्पर शाकारायला बाहेरगावचा माणूस आला होता. शिडीवरून त्यानं सहज विचारलं, "आता घरीच का आजी? काय करता दिवसभर?" तर खालून उत्तर गेलं, "पत्रं वाटते." खोटं नाही ते. सायकल भिंतीला टेकली आणि सर्व्हर आला, एवढाच फरक.

पण हे नीट सांगायचं तर शाळेपासून सुरुवात करायला हवी. माझी बायको गेस्के म्हणते, "फोको, तुला बटाटे आणायला पाठवलं तरी तू दुकानदाराला शाळेपासून सांगत बसतोस." बसतो. शाळाच तशी होती. एक खोली, आठ इयत्ता, एक शेगडी आणि एक मास्तर, रोल्फ्स नावाचे. मास्तर फळ्याकडं वळले की बाकांवरून चिठ्ठ्या फिरायच्या, आणि फिरवायचं काम टाल्केचं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं. चिठ्ठी ती कधी वाचायची नाही. मास्तरांनी एकदा तिला पकडून कानाला धरलं, "कुणाची आहे?" म्हणून दरडावलं, तर म्हणाली, "ज्याला द्यायची त्याची." तासभर कोपऱ्यात उभी राहिली, पण चिठ्ठी मुठीतून सुटली नाही.

मी पाचवीत असताना गेस्केला चिठ्ठी लिहिली. दोनच ओळी, तिच्या वेण्यांबद्दल. टाल्केकडं दिली. ती दोन बाकं पुढं गेली, उलगडलीही नाही, नुसती दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली आणि परत आणून माझ्यासमोर ठेवली.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही."

"अगं, तिला कळेल."

"मग तूच नेऊन दे. बिननावाचं मी नेत नाही."

मी बरंच अवघडलो. कान लाल करून घेतले. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात 'फोको' लिहिलं. चिठ्ठी गेली. गेस्के आज चोपन्न वर्षं माझ्या घरात आहे, आणि चहा जरा फिका झाला की मी अजून टाल्केला दोष देतो.

पुढं ती पोस्टात लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. तिचे पराक्रम सांगू लागलो तर ओहोटीची भरती होईल, म्हणून एकच सांगतो. एकदा अर्जेंटिनाहून एक पाकीट आलं. वर गावाचं नाव, आणि खाली नुसतं, 'आमच्या आत्याला, जिच्या गाईला एकच शिंग आहे.' लेअर या जवळच्या शहरातल्या मोठ्या पोस्टात ते परत पाठवणार होते. टाल्केनं मागून घेतलं. पण गावात एकशिंगी गाय कुठली? तिनं चार दिवस म्हाताऱ्याकोताऱ्यांकडं चौकशी केली, तेव्हा कळलं की तशी गाय होती, पण एकवीस वर्षांमागं मेली. गाईची मालकीणही गेलेली, मग तिच्या बहिणीकडं जाऊन पत्र दिलं. तिथं रडारड झाली, मग हसाहस झाली, आणि टाल्केला दारातच तीन कप चहा प्यावा लागला. दारात तीन कप! त्या दिवशी उरलेल्या गावाला टपाल दुपारी चारला मिळालं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. छत्तीस वर्षांत तिनं एकही पत्र 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत पाठवलं नाही.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं तिची चिडचिड झाली. बागेतल्या गाजरांवर ओरडायची. मग लेअरला प्रौढांच्या वर्गात जाऊन ती कॉम्प्युटर शिकली. वर्ग घेणारी बाई म्हणे फोटो कसे चिकटवायचे ते शिकवत होती, आणि ही विचारायची, "ते राहू दे. पत्र एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातं ते वाटेत कोण कोण हाताळतं?" सहा महिन्यांनी तिनं एक छोटं यंत्र, म्हणजे तो सर्व्हर, आणलं, जुन्या पोस्टातलं टपाल लावायचं लाकडी कपाट लिलावातून घेऊन ठेवलं होतं त्याच्या मधल्या खणात बसवलं, आणि आमच्या तराफा मंडळाचा सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या घरातून सुरू केला.

तराफा म्हणजे आमचा नदी ओलांडायचा चपटा तराफा, साखळीनं हातानं ओढायचा. मंडळाचे त्रेसष्ट सभासद आळीपाळीनं ओढतात, मीही ओढतो, म्हणजे आता बसून सूचना देतो. कुणाची पाळी कधी, पाणी किती चढलंय, साखळीला तेल कधी लावायचं, हे सगळं टाल्केच्या कपाटातून मेलनं जायचं. बारा वर्षं गेलं. कुणाचं मेल चुकलं असं झालं नाही.

आणि नियम तोच, शाळेतला. पत्राखाली माणसाचं नाव हवं. जाहिरातीवाले, 'आपली टीम', 'आपला सेवाविभाग', असली सही दिसली की तिचं यंत्र पत्र दारातूनच माघारी पाठवायचं. बरोबर तिनं स्वतः लिहिलेली एक ओळ जायची, 'खाली नाव नाही. बिननावाचं मी नेत नाही. टी. हायकेन.' आम्ही तिला चिडवायचो, "टाल्के, बिचाऱ्या टीमला वाईट वाटत असेल गं." ती म्हणायची, "टीमला आई नसते. वाईट कुणाला वाटणार?"

यंदा फेब्रुवारीत गावात नवी केबल आली. जुनी तार गेली, तिच्याबरोबर टाल्केच्या यंत्राचा जुना नंबर गेला आणि नवा नंबर लागला. आणि पहिल्याच आठवड्यात तिची सव्वीस मेलं परत आली.

सगळी सव्वीस एकाच मोठ्या कंपनीच्या दारातून. आमच्याकडच्या जुन्या मंडळींनी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा सगळ्यांनी त्याच कंपनीचे पत्ते घेतले होते, आणि आमच्याकडं माणूस एकदा पत्ता घेतला की मरेपर्यंत बदलत नाही. कंपनीचं म्हणणं असं की हा नवा नंबर आम्हाला ठाऊक नाही. अनोळखी नंबराचं टपाल आम्ही घेत नाही. घ्यायला हवं असेल तर आमच्या टपालप्रमुखांना लिहा, आणि आधी चार गोष्टी नीट करा. यंत्राच्या नंबरावरून नाव सापडलं पाहिजे, नावावरून तोच नंबर सापडला पाहिजे, नावाचं एक पान इंटरनेटवर उघडलं पाहिजे, आणि त्या पानावर यंत्र चालवणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि उचलला जाईल असा फोन पाहिजे.

मी म्हटलं, "टाल्के, हे तर तुझ्यासारखंच झालं. नाव नाही तर पत्र नाही."

"हो," ती म्हणाली, "माणसं शहाणी दिसतात." चिडली नव्हती. उलट तिला बरोबरीचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं.

चिडला तो आयलर्ट टामेन, आमच्या मंडळाचा अध्यक्ष. आयलर्ट माणूस चांगला आहे, विम्याचं काम करतो, आमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीची घाई असते. १५ एप्रिलला मंडळाची वार्षिक सभा, आणि नियमाप्रमाणं निमंत्रण दोन आठवडे आधी प्रत्येक सभासदाच्या हातात पडलं पाहिजे. एकालाही नाही मिळालं तर सभेत ठरलेलं सगळं रद्द होऊ शकतं. कमिटीच्या चहाला त्यानं कपात चमचा ठेवला, म्हणजे पुरे झालं म्हणून, आणि म्हणाला,

"टाल्के, राग मानू नकोस. पण ही कामं आता लोक मोठ्या कंपनीकडं देतात. शहरात बसून ते सगळं बघतात. तू ऐंशीला आलीस. आराम कर."

"आराम मी मेल्यावर करणारच आहे. आत्तापासून सराव कशाला?"

"बरं, मग असं करू. ३१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी पाचपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना तुझ्या यंत्रातून निमंत्रण पोचलं, तर पत्रव्यवहार तुझ्याकडं. मी परत विषय काढणार नाही. एक जरी राहिलं, तर पत्त्यांची वही माझ्याकडं, आणि मी पाच वाजून एक मिनिटानं कंपनीकडून पाठवतो."

गेस्के म्हणाली, "कागदावर लिहून पेट्यांत टाकलं तर?"

"ते तर मीही टाकू शकतो," आयलर्ट म्हणाला. "प्रश्न यंत्राचा आहे."

"प्रश्न यंत्राचाच आहे," टाल्केही म्हणाली. ती दोघं एका गोष्टीवर सहमत झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "पाच वाजता. ठरलं." असं म्हणून तिनं आपल्या कपात चौथ्यांदा खडीसाखरेचा खडा टाकला. खडा तडकला.

हसत म्हणाली खरी. पण आयलर्ट गेल्यावर ती कपाटाच्या रिकाम्या खणांवरून हात फिरवत उभी होती. त्या खणांवर अजून जुन्या घरांची नावं खडूनं लिहिलेली आहेत.  

तिनं चार गोष्टी केल्या. नंबर, नाव, दोन्ही बाजूंनी जुळवलं. केबलवाल्या सहकारी संस्थेच्या मुलीनं त्यात मदत केली. मग पान बनवलं. टपालप्रमुखांना अर्ज लिहिला. तिसऱ्या दिवशी नकार आला. नकार व्यवस्थित होता, खाली सही, गेरनोट वाइनहोल्ट. त्यांनी लिहिलं होतं, 'पानावरचा पत्ता अपुरा आहे.'

मी म्हटलं, "काय लिहिलंयस तू?"

तिनं दाखवलं. 'टाल्के हायकेन. पंपघराच्या मागे. सगळ्यांना माहीत आहे.'

"अगं, घराचा नंबर?"

"कशाला हवा? छत्तीस वर्षं या गावात मी एका तरी घराचा नंबर बघितला असेल तर सांग."

आता आमच्या गावात घरांचे नंबर रस्त्यानं पडत नाहीत, बांधल्याच्या क्रमानं पडतात. जे घर आधी उभं राहिलं ते एक. म्हणून सातच्या शेजारी त्रेचाळीस येतं, आणि आठ नंबर नदीपलीकडं आहे. त्यामुळे नंबर कुणी वापरत नाही. आणि खरी गंमत अशी की टाल्केला स्वतःच्या घराचा नंबर ठाऊकच नव्हता. स्वतःला तिनं कधी पत्र वाटलं नव्हतं ना! आम्ही दोघं बाहेर गेलो. भिंतीवर आयव्हीची वेल माजलेली. मी कात्रीनं कापत गेलो, ती खालून सांगत गेली, "वर. आणखी वर. डावीकडं. फोको, ते घरटं आहे, त्याला हात लावू नकोस." शेवटी गंजलेली पाटी निघाली. त्रेचाळीस.

"म्हणजे सातच्या शेजारचं ते माझंच घर," ती म्हणाली.

नंबर टाकला, दुसरा अर्ज गेला. ते २० मार्च. आणि मग काहीच नाही. एक दिवस, चार दिवस, आठवडा. टाल्केनं एकदा आठवण दिली, दुसऱ्यांदा दिली. तरी काही नाही. रोज तीनच्या चहाला आम्ही तिच्याकडं जायचो, आणि ती कप ठेवण्याआधीच मान हलवायची.

"पाठवून तर बघ एखादं पत्र," मी म्हणायचो. "कदाचित घेतील."

"परवानगी लेखी आल्याशिवाय दुसऱ्याचं दार मी ढकलत नाही. आपल्याकडं कुणी ढकललेलं मला आवडेल?"

हे असं. आडमुठी म्हणा हवं तर. आमच्याकडं त्याला सरळ म्हणतात.

३१ तारखेच्या शुक्रवारी आम्ही तीनला गेलो तर तिनं चहा ओतून ठेवलेला, अंगात कोट घातलेला, आणि पत्त्यांची वही काखेत.

"कुठं निघालीस?"

"आयलर्टकडं. पाचला तो मागायला येणार. मागायला येण्याआधी मी नेऊन देते. माझ्या दारातून कुणी टपाल उचलून न्यायचं नाही."

"अजून दोन तास आहेत गं," गेस्के म्हणाली.

"अकरा दिवसांत आलं नाही ते दोन तासांत काय येणार? चहा प्या. केक कपाटात आहे, खणावर तुझं नाव आहे तिथंच." आणि गेली. चालत गेली, पाठ ताठ ठेवून. नदीच्या बांधावरून तिचा निळा कोट लहान लहान होत जाताना आम्ही खिडकीतून बघत होतो. केक आम्ही खाल्ला, पण लागला नाही.

वीस मिनिटांनी फोन वाजला. तिच्या स्वयंपाकघरात अजून तारेचाच फोन आहे. मी उचलला.

"नमस्कार, श्रीमती हायकेन आहेत का? मी वाइनहोल्ट बोलतोय, टपालविभागातून."

मी उभाच राहिलो. "कोण, तुम्ही ते नकारवाले?"

 "हो, म्हणजे... तेच."

"थांबा! ठेवू नका! अजिबात ठेवू नका!" मी रिसीव्हर गेस्केच्या हातात कोंबला. "याला बोलण्यात गुंतव. मी तिला आणतो."

"मी काय बोलू त्याच्याशी?"

"काहीही. आपल्या शाळेपासून सुरू कर!"

दारामागं तिची पोस्टाची सायकल उभी होती. मी बसलो त्या सायकलवर, एकोणऐंशी वर्षांचा माणूस, कमरेचा सांधा बदललेला, आणि वारा समोरून. बांधावरच्या मेंढ्यांनी वाट सोडली, यावरून माझा अवतार काय असेल ते ओळखा. टाल्के आयलर्टच्या फाटकाशी पोचली होती. बोट घंटीवर होतं.

"टाल्के! तो... फोन... नकारवाला!"

"श्वास घे आधी."

"वाइनहोल्ट! फोनवर! थांबलाय!"

तिनं वही माझ्या हातात दिली, सायकल माझ्या खालून अक्षरशः ओढून घेतली, आणि बांधावरून निघाली. मी सांगतो, तीसएक वर्षांपूर्वी नाताळचं टपाल नेताना ती जशी जायची तशी गेली. घंटी न वाजताच आयलर्ट दार उघडून बाहेर आला.

"काय चाललंय?"

"गाडी काढ," मी म्हटलं. "वाटेत सांगतो."

आम्ही गाडीनं पोचलो तेव्हा ती सायकलवरून उतरत होती. आत गेस्के रिसीव्हरमध्ये म्हणत होती, "...नाही नाही, साय वरून सोडायची, आणि ढवळायचं नाही. ढवळलंत तर सगळी चव गेली. तुमच्याकडं लोक ढवळतात? अरे देवा." मग टाल्केला बघून म्हणाली, "आल्या हो त्या. बरंय श्री. वाइनहोल्ट, चहाचं लक्षात ठेवा."

टाल्केला कमी ऐकू येतं, म्हणून ती रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरते, आणि पलीकडचा मोठ्यानं बोलतो. आम्हाला सगळं ऐकू आलं.

"श्रीमती हायकेन, मी एकोणीस वर्षं हे काम करतोय. हजारो लोकांना आम्ही पत्रं नाकारली. पण आमचं पत्र कुणी नाकारलं, असं पहिल्यांदाच झालं. तेही तीनदा. म्हणून म्हटलं, फोनच करावा."

"मी? तुमचं पत्र? कधी?"

"तुमची परवानगी २२ तारखेला निघाली. तुमच्या यंत्रानं परत पाठवली. आठवण दिलीत तेव्हा पुन्हा पाठवली, तीही परत. काल तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी बरोबर एक ओळ. वाचू का? 'खाली नाव नाही. बिननावाचं मी नेत नाही.'"

 

टाल्केनं हळूच विचारलं, "खाली सही काय होती?"

"परवानग्या आपोआप जातात. खाली 'आपली टपाल टीम' असं असतं."

"आणि नकार?"

"नकार मी स्वतः लिहितो. नकाराला कारण द्यावं लागतं."

"म्हणजे नाही म्हणायला तुमच्याकडं माणूस आहे," टाल्के म्हणाली, "आणि हो म्हणायला यंत्र."

पलीकडं तो माणूस इतका हसला की टाल्केनं रिसीव्हर आणखी लांब धरला. मग तो म्हणाला, "पण तुम्ही परत पाठवलेल्या पत्रांची यादी बघत नाही का? तुमच्या यंत्रात असणारच."

"जे मी घेतलं नाही ते माझं नाही. ते मी कसं बघू?"

"बरं. ते असू द्या. आमचं दार तुम्हाला नऊ दिवस उघडं आहे. तुम्ही ठोठावलंच नाहीत. आता खुशाल पाठवा."

आयलर्टनं घड्याळाकडं पाहिलं. चारला पंधरा मिनिटं होती. मी म्हटलं, "पाठव, टाल्के! दाब ते!"

ती म्हणाली, "श्री. वाइनहोल्ट, लेखी पाठवा. खाली तुमचं नाव घालून."

"अगं ए बाई!" हे मी.

"टाल्के," आयलर्ट म्हणाला, आणि मला नंतर कळलं की तो आपल्या विरुद्ध बाजूनं बोलतोय हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, "चार वाजत आलेत! तोंडी सांगितलं ना त्यांनी!"

"आयलर्ट, तुझा विमा तोंडी असतो का?"

 पलीकडून आवाज आला, "तुमच्या नियमात थोडी ढील नाही का देता येणार? फक्त आमच्यापुरती?"

"तुम्ही मला दिली होती? पत्त्यात?"

"नाही," वाइनहोल्ट म्हणाले. "पाठवतो. पण ते आपोआप जाणाऱ्या पत्रात मला बदल करता येत नाही, हातानं सगळं लिहावं लागेल. जरा वेळ द्या."

दिला. काय करणार? आम्ही चौघं कपाटासमोर बसलो. गेस्केनं आयलर्टला चहा ओतला, त्यानं तो ढवळला, आणि तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं चमचा बशीत ठेवला. चार वाजले. चार दहा. चार वाजून सोळा मिनिटांनी यंत्रातला हिरवा दिवा लुकलुकला. टाल्केनं चष्मा लावला, पत्र वरून खालपर्यंत वाचलं, घाई न करता, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"गेरनोट वाइनहोल्ट," ती म्हणाली. "अक्षरी नाव. आता कसं."

मग निमंत्रणं निघाली. सव्वीस; बाकीच्या सदतीस जणांना आधीच पोचली होती. एकेकाच्या नावाचं वेगळं, कारण सगळ्यांना एकदम पाठवणं तिला गावात दवंडी पिटल्यासारखं वाटतं. प्रत्येकाच्या वेळी ती त्याच्या खणाकडं बघायची. यंत्रानं सांगितलं, घेतली. सव्वीसच्या सव्वीस.

"यंत्र सांगतंय," आयलर्ट म्हणाला. आपण कुठल्या बाजूचे ते त्याला आता आठवलं होतं. "हातात पडलं का ते कसं कळणार? समज, दारात घेतली आणि आत कचऱ्यात टाकली तर?"

  दारापर्यंतचं टाल्केला कळतं, आतलं तिला कधी कळलंच नाही, सायकलवर होती तेव्हाही. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच मला ती म्हातारी दिसली. चार पस्तीस झाले.

चार अडतीसला फोन वाजला. तिनंच उचलला. बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी राहणारा मेनो, एक्याण्णव वर्षांचा, मंडळातला सगळ्यात जुना. मेनो आठवड्यातून एकदा मेल उघडतो, शुक्रवारी, मासळीची गाडी येऊन गेल्यावर.

"टाल्के, तुझं पत्र आलं गं," तो ओरडत होता. त्यालाही कमी ऐकू येतं. "त्यात लिहिलंय, येताना केक आणा. कुठला? मागच्या वर्षी सगळ्यांनी लोण्याचाच आणला होता. एकाच दिवशी नऊ लोण्याचे केक! मी महिनाभर खात होतो!"

"तू सफरचंदाचा आण, मेनो."

"मला सफरचंदाचा येत नाही. लोण्याचाच येतो."

"मग कशाला विचारतोस रे?"

"विचारावं माणसानं," मेनो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोनला उसंत नव्हती, आणि ज्यांचा फोन लागला नाही त्यांची उत्तरं मेलनं येत होती. कुणाला सभेची वेळ अडचणीची, कुणाला साखळीबद्दल तक्रार, कुणाला नुसतंच सांगायचं होतं की पत्र आलं, कारण महिनाभर टाल्केचं काही आलं नाही तेव्हा ती आजारी असेल असं त्यांना वाटत होतं. आयलर्ट कागदावर खुणा करत होता. पाचला पाच मिनिटं असताना त्याच्या चोवीस खुणा झाल्या. उरलेल्या दोघांना त्यानं स्वतः फोन लावले, आणि एका आजीला तर, "बघा ना जरा नीट, खाली सरकवा, सापडेल," असं अर्धा मिनिट समजावत होता. सापडलं.

त्यानं काखेतली वही काढली. माझ्या हातातून ती कधी त्याच्याकडं गेली होती कोण जाणे. टाल्केच्या टेबलावर ठेवली.

"घे. मी परत विषय काढणार नाही."

"चहा गार झालाय तुझा," टाल्के म्हणाली. "दुसरा ओतते. ढवळू नकोस."

त्या दिवसापासून तिनं एक बदल केला, बाकी काही नाही. दर शुक्रवारी ती परत पाठवलेल्या पत्रांची यादी बघते. आत काय आहे ते वाचत नाही. नुसतं बाहेरून, कुणाकडून आलं होतं तेवढं.

सभा झाली. केक अकरा आले, सगळे लोण्याचे.

आणि जूनमध्ये मी तराफ्यावर सूचना देत बसलो होतो तर पलीकडून एक मनुष्य आला, सायकलवर, डोक्याला टोपी, दक्षिणेकडचा वाटत होता. हातात कागद. मला म्हणाला, "काका, घर क्रमांक त्रेचाळीस कुठं?"

वेलीमागची ती पाटी तेव्हा मला आठवलीच नाही. मी म्हटलं, "त्रेचाळीस? काय माहीत बुवा. सातच्या आसपास असेल."

"आणि सात?"

"सात एकशे बाराच्या पुढं."

बिचारा गेला. तासाभरानं घामाघूम होऊन परत आला, तिन्ही रस्ते दोनदा फिरून. म्हणाला, "आठ नंबर सापडला, तो नदीच्या त्या बाजूला आहे! हे कसलं गाव आहे?"

"तुम्हाला जायचंय कुणाकडं?"

"टाल्के हायकेनकडं. त्यांनी चहाला बोलावलंय. मी वाइनहोल्ट."

मी त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. हा तो.

"मग तसं म्हणायचं ना आधी," मी म्हटलं. "पंपघराच्या मागे. सगळ्यांना माहीत आहे."